सित्रोएन एस्. एम्. : एका फ्रेंच वेगवान मोटारीची निर्मिती आणि जोपासना

१. प्रश्नाचे स्वरूप

मोटारींचा इतिहास लिहिणारे बहुधा कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली तेथून आरंभ करतात आणि शेवटची गाडी बाहेर पडली की लेखणी खाली ठेवतात. रचनाकार कोण, इंजिनाची शक्ती किती, गाड्या किती निघाल्या आणि उत्पादन कशामुळे थांबले, एवढ्या प्रश्नांची उत्तरे मिळाली की विषय पुरा झाला असे समजले जाते. सामान्य गाड्यांच्या बाबतीत ही पद्धत पुरेशी ठरते. परंतु काही यंत्रे अशी असतात की, त्यांचे उत्पादन संपल्यानंतरच त्यांच्याविषयीचे खरे ज्ञान आकारास येते. आणि ते ज्ञान निर्मात्याच्या हाती न राहता ती यंत्रे बाळगणाऱ्यांच्या आणि दुरुस्त करणाऱ्यांच्या हाती जाते. फ्रान्समधील सित्रोएन या कंपनीने १९७० साली बाजारात आणलेली एस्. एम्. ही मोटार अशा यंत्रांपैकी एक होय.

ही गाडी अवघी पाचसहा वर्षे निघाली. तिची एकूण संख्या १२,९२० भरते. तिच्याविषयी जो अभिप्राय रूढ झाला तो थोडक्यात असा : कल्पना अलौकिक, चालविण्यास अद्वितीय, पण बाळगण्यास अवघड आणि इंजिनाच्या बाबतीत बेभरवशाची. या अभिप्रायाचा पूर्वार्ध निर्विवाद आहे. उत्तरार्ध मात्र तपासून पाहिला पाहिजे. एस्. एम्. च्या अंगी जे दोष चिकटविले गेले त्यांपैकी कोणते रचनेचे होते, आणि कोणते ती रचना समजून घेऊन तिची निगा राखणारी व्यवस्था वेळेवर उभी न राहिल्यामुळे उद्‌भवले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२. पार्श्वभूमी : लांब पल्ल्याच्या मोटारींची फ्रेंच परंपरा

दोन महायुद्धांच्या दरम्यान फ्रान्समध्ये एक विशिष्ट प्रकारची मोटार नावारूपाला आली होती. पॅरिसहून निघून राष्ट्रीय महामार्गांच्या सरळ, दुतर्फा वृक्ष लावलेल्या वाटांनी एका दिवसात भूमध्य समुद्राचा किनारा गाठावयाचा, आणि तोही न थकता, हे या मोटारींचे प्रयोजन होते. बुगाती, देलाए, देलाज, ताल्बो-लागो ही त्या वर्गातील प्रतिष्ठित नावे. दुसऱ्या महायुद्धानंतर ही परंपरा झपाट्याने क्षीण झाली. देशाच्या उभारणीसाठी लहान व स्वस्त गाड्यांना प्राधान्य मिळाले. मोटारीवरील कर तिच्या 'कर-अश्वशक्ती'वर, म्हणजे मुख्यतः इंजिनाच्या आकारमानावर, ठरत असल्याने मोठी इंजिने महाग पडू लागली; १९५६ मध्ये सुरू झालेल्या वार्षिक कराने हा भार आणखी वाढविला. देलाएचे मोटार-उत्पादन १९५४ मध्ये थांबले, आणि त्या दशकाच्या अखेरीस ताल्बो सिम्का कंपनीत विलीन झाली.

याच काळात फासेल व्हेगा या नव्या नावाने त्या परंपरेला पुन्हा उजाळा देण्याचा प्रयत्न झाला. तिच्या मोठ्या गाड्यांत अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीची इंजिने बसविलेली असत, आणि ती इंजिने दणकट होती. पुढे या कंपनीने फासेलिआ नावाची लहान गाडी काढली व तिच्यासाठी फ्रान्समध्येच नवे इंजिन तयार करविले. ते पुरेसे कसाला न लावताच ग्राहकांच्या हाती गेले. तक्रारी वाढल्या, हमीपोटी करावयाच्या दुरुस्त्यांचा बोजा असह्य झाला, आणि १९६४ मध्ये कंपनी बंद पडली. एस्. एम्. च्या इतिहासाच्या दृष्टीने हा प्रसंग लक्षात ठेवण्याजोगा आहे. वेगवान गाडी निर्माण करणे ही एक गोष्ट, आणि ती हजारो अनोळखी हातांत चालती ठेवणे ही दुसरी गोष्ट, हा धडा त्यात स्पष्टपणे दिसून आला होता.

३. दोन कंपन्यांचा संयोग

सित्रोएन ही कंपनी तेव्हा सर्वस्वी निराळ्या वाटेने चालली होती. पुढच्या चाकांना गती देणारी तिची १९३४ सालची 'त्राक्स्याँ अव्हाँ', १९४८ सालची 'दोन अश्वशक्ती' आणि १९५५ सालची डी. एस्. या गाड्यांनी रूढ कल्पनांना धक्का दिला होता. पोल माजेस या अभियंत्याने विकसित केलेली वायु-द्रव झोळणी हे डी. एस्. चे मुख्य वैशिष्ट्य. पोलादी स्प्रिंगांच्या जागी प्रत्येक चाकावर एक गोलक असतो. त्यात पातळ पडद्याच्या एका बाजूस नायट्रोजन वायू व दुसऱ्या बाजूस दाबाखालील द्रव असतो. चाकाला धक्का बसला की द्रव वायूला दाबतो आणि वायूच स्प्रिंगेचे काम करतो. गाडीत माणसे कितीही बसोत, द्रवाचे प्रमाण आपोआप कमीअधिक होऊन गाडीची उंची कायम राहते. त्याच दाबावर ब्रेक आणि सुकाणूही चालत.

डी. एस्. ला या सर्व गुणांस साजेसे इंजिन मात्र कधीच लाभले नाही. तिचे चार सिलिंडरांचे इंजिन जुन्या घराण्यातील होते. कंपनीचे प्रमुख प्येर बेर्को यांच्या मनात डी. एस्. च्या तत्त्वांवर आधारलेली, पण खऱ्या अर्थाने वेगवान अशी गाडी काढण्याचे घोळत होते. १९६८ मध्ये सित्रोएनने इटलीतील मोदेना येथील मासेराती कंपनीचे बहुसंख्य भाग विकत घेतले आणि तिचे मुख्य अभियंता जूल्यो आल्फिएरी यांच्याकडे इंजिनाचे काम सोपविले. इंजिन लहान, हलके आणि २.८ लिटरच्या आत असले पाहिजे, ही अट फ्रेंच करपद्धतीने घातली होती. आल्फिएरी यांनी सहा सिलिंडरांचे, ९० अंशांच्या कोनात दुभंगलेले, चार कॅमशाफ्टांचे आणि २,६७० घन सेंटिमीटरचे इंजिन दिले. त्याची शक्ती १७० अश्वशक्ती होती. गाडीच्या आराखड्याला 'एस्' हे अक्षर होते. त्याला मासेरातीचे 'एम्' जोडले जाऊन एस्. एम्. हे नाव सिद्ध झाले, असे सामान्यतः मानतात.

मार्च १९७० मध्ये जिनीव्हा येथील प्रदर्शनात ही गाडी जगापुढे आली. तिचा आकार सित्रोएनचे रेखनप्रमुख रोबेर ऑप्रों यांच्या देखरेखीखाली सिद्ध झाला होता. लांबी ४.८९ मीटर, पुढच्या दोन चाकांमधील अंतर मागच्या दोन चाकांमधील अंतरापेक्षा सुमारे २० सेंटिमीटरने अधिक, त्यामुळे वरून पाहता गाडी पाण्याच्या थेंबाप्रमाणे मागे निमुळती होत जाते. पुढील बाजूस सलग काचेमागे सहा दिवे. त्यांतील आतले दोन सुकाणूबरोबर वळणाच्या दिशेने फिरतात, आणि गाडीचा पुढचा भाग उचलला वा दबला तरी दिव्यांचा झोत समतल राहतो. कमाल वेग ताशी सुमारे २२० किलोमीटर. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारींत त्या वेळी याहून वेगवान गाडी नव्हती.

४. चालकाने काय विसरावे लागते

एस्. एम्. चालविण्याविषयी जे लिहिले गेले आहे त्यात एक गोष्ट वारंवार आढळते : अनुभवी चालकालाही पहिल्या दिवशी ती गाडी परकी वाटते. याचे कारण तिच्या सुकाणूत आहे. या यंत्रणेला 'दीराव्ही' असे संक्षिप्त नाव असून तिचा अर्थ यंत्रबलाने मूळ जागी परत येणारे सुकाणू असा होतो. सामान्य गाडीत सुकाणूचे चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन ते चार वेळा फिरवावे लागते, एस्. एम्. मध्ये जेमतेम दोन वेळा. म्हणजे हाताच्या थोड्याशा हालचालीने गाडी पुष्कळ वळते. शिवाय चाक सोडून दिले की ते आपोआप मधोमध येते, आणि गाडी उभी असूनही, केवळ इंजिन चालू असले तरी येते.

ही क्रिया घडते ती अशी. सुकाणूच्या दंडाशी जोडलेल्या एका हृदयाकृती चकतीवर एक रूळ द्रवाच्या दाबाने रेटला जातो. चकतीच्या खाचेत रूळ बसला की चाक सरळ. चाक वळविले की रूळ खाचेतून वर चढतो आणि चकतीला परत ढकलू पाहतो. रुळावर किती दाब द्यावयाचा हे गिअरपेटीवरून फिरणारा एक नियंत्रक ठरवितो. वेग कमी असता दाब कमी, म्हणून चाक हलके. वेग वाढत जाईल तसा दाब वाढतो आणि चाक जड होत जाते. रस्त्यावरील खाचखळगे चालकाच्या हातापर्यंत पोहोचत नाहीत. इतर गाड्यांत चालकाला सुकाणूतून रस्त्याचा जो अंदाज येतो, तो येथे येत नाही. हाताला जाणवतो तो रस्ता नव्हे, तर यंत्राने ठरविलेला विरोध.

ब्रेकचीही तीच गत. पायाखाली लांब हालणारी पट्टी नसून अळंबीच्या आकाराचे एक बटण असते. ते पायाने खाली दाबीत न्यावयाचे नसते, कारण ते जवळजवळ हलतच नाही. पायाचा भार किती, यावर गाडी किती थांबावयाची हे ठरते. नवखा चालक जुन्या सवयीने पाय देतो आणि गाडी एकदम जागच्या जागी उभी राहते. सुकाणूच्या बाबतीतही तो पहिल्या वळणावर हिसका देतो, आणि मग तो हिसका सावरण्यासाठी उलट दिशेला दुसरा.

यावरून एस्. एम्. चालविणे हे बळाचे वा साहसाचे काम नव्हते, हे ध्यानात येईल. ते संयमाचे काम होते. बोटांच्या टोकांनी चाक धरावे, वळणाचा विचार आधी करावा, पायाचा भार हळूहळू वाढवावा, आणि इंजिनाचे तेल तापेपर्यंत त्याला जोर करू देऊ नये, एवढे पथ्य पाळणाऱ्या चालकाला ती ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगातही एका रेषेत, आडव्या वाऱ्याला न जुमानता घेऊन जात असे. इंजिन पुढच्या आसाच्या मागे व गिअरपेटी त्याच्या पुढे, अशी मांडणी असल्याने ही स्थिरता आणखी वाढे. नव्वद लिटरची तेलटाकी लांब पल्ल्याच्या याच हेतूने ठेवलेली होती.

हे गुण केवळ गुळगुळीत महामार्गांपुरते नव्हते, याचा पुरावा लवकरच मिळाला. १९७१ च्या मोरोक्को रॅलीत, म्हणजे धोंडे आणि धूळ यांतून जाणाऱ्या अत्यंत खडतर शर्यतीत, जाँ देशासो आणि जाँ प्लासार या जोडीने एस्. एम्. घेऊन पहिला क्रमांक मिळविला. या गाडीचा स्पर्धेतील हा पहिलाच प्रवेश होता. १९७२ मध्ये अमेरिकेतील 'मोटर ट्रेंड' या मासिकाने तिला वर्षातील सर्वोत्कृष्ट मोटार म्हणून निवडले. त्याच वर्षी इंग्लंडच्या राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांच्या फ्रान्सभेटीसाठी आँरी शाप्रों यांच्या कारखान्याने एस्. एम्. वरून चार दारांच्या दोन उघड्या गाड्या बांधल्या. त्या पुढे अनेक वर्षे फ्रेंच राष्ट्राध्यक्षांच्या सेवेत राहिल्या.

५. मालकाच्या वाट्याला काय आले

गाडीची कीर्ती अशी वाढत असता मालकांचा अनुभव मात्र दुहेरी होत गेला. द्रवयंत्रणेविषयी सहसा तक्रार नसे. कारण ती डी. एस्. वर पंधरा वर्षे मुरलेली होती, आणि १९६६ पासून वापरात आलेल्या हिरव्या खनिज द्रवाने नळ्या व रबरी भाग गंजण्या-कुजण्याचा जुना त्रास पुष्कळ कमी केला होता. गोलकांतील नायट्रोजन कालांतराने झिरपून कमी होतो व गाडी कडक चालू लागते, हे सित्रोएनच्या प्रत्येक कारागिराला ठाऊक होते. आणि उपायही ठाऊक होता.

अडचण होती ती इंजिनाची. त्यात गती एका साखळीने क्रँकशाफ्टकडून मधल्या दंडाकडे आणि तेथून आणखी दोन साखळ्यांनी दोन्ही बाजूंच्या कॅमशाफ्टांकडे जात असे. याच मधल्या दंडावरून द्रवाचा पंप, विद्युत्‌जनित्र आणि, असल्यास, शीतयंत्राचा दाबक, हे सर्व चालत. शीतयंत्र वारंवार सुरू व बंद होताना बसणारे हिसके त्या पहिल्या साखळीला सोसावे लागत. तिचा ताण राखणारी मूळची योजना पुरेशी भक्कम नव्हती. साखळी सैल झाली आणि दात सुटला, तर झडपा पिस्टनवर आदळून इंजिनाचा क्षणात नाश होई. याखेरीज बाहेर जाणाऱ्या वायूच्या झडपा सोडियम भरलेल्या पोकळ प्रकारच्या होत्या. त्या कालांतराने तुटण्याचा संभव असे.

हे दोष खरे होते, आणि ते रचनेचेच होते. याविषयी संदेह बाळगण्याचे कारण नाही. पण त्यांचे रूपांतर दुर्लौकिकात का झाले, याचे उत्तर केवळ रचनेत सापडत नाही. साखळीचा ताण ठरावीक अंतराने तपासला आणि आवाजातील फरक वेळीच ओळखला, तर मोठी हानी टाळता येत असे. तो फरक ओळखावयाचा कोणी? सित्रोएनच्या विक्रेत्यांच्या कर्मशाळांतील कारागीर साध्या चार सिलिंडरांच्या इंजिनांवर वाढलेले. चार कॅमशाफ्ट, तीन जोड-कार्ब्युरेटर आणि मोदेनाच्या परंपरेतील सूक्ष्म जुळणी ही त्यांच्या अनुभवाबाहेरची होती. उलटपक्षी, ज्याला अशी इटालियन इंजिने हाताळता येत, त्याला गोलक आणि द्रवनलिकांचे जाळे अगम्य वाटे. एका गाडीत दोन कारागिरी एकत्र आल्या होत्या. पण त्या दोन्ही ज्याच्या अंगी आहेत असा कारागीर तयार करण्याची योजना पुरेशा प्रमाणावर झाली नाही. मालकाला एका दारातून दुसऱ्या दारात हिंडावे लागे, आणि या हिंडण्यात निगेचे वेळापत्रक चुके.

येथे फासेलिआशी असलेले साम्य आणि भेद दोन्ही स्पष्ट होतात. फासेलिआचे इंजिन ग्राहकांच्या हाती गेले तेव्हा ते मुळातच कच्चे होते. एस्. एम्. चे इंजिन स्वभावतः सशक्त होते. लिजिए या फ्रेंच कंपनीच्या जे. एस्. २ या गाडीत आणि १९७२ पासून मासेरातीच्या मेराक या गाडीत ते त्याच कुळाच्या रूपात पुढे चालत राहिले. त्याला हवी होती ती जाणकार निगा. ज्ञानाची ही उणीव गाडीच्या खात्यावर मांडली गेली.

६. उत्पादनाचा शेवट

वर्षवार संख्या पाहिल्या म्हणजे या गाडीचा उदय व अस्त डोळ्यांसमोर उभा राहतो : १९७० मध्ये ८६८, १९७१ मध्ये ४,९८८, १९७२ मध्ये ४,०३६, १९७३ मध्ये २,६१९, १९७४ मध्ये २९४ आणि १९७५ मध्ये ११५. उतरती कळा १९७२ मध्येच लागली होती, ही बाब महत्त्वाची आहे. ऑक्टोबर १९७३ मध्ये उद्‌भवलेल्या तेलसंकटाने एस्. एम्. चा बळी घेतला, असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. पण वरील आकड्यांवरून असे दिसते की, तेलसंकटाने आधीच सुरू झालेली घसरण पुरी केली. कारखान्याने गाडीत सुधारणा केल्या नाहीत असे नाही. १९७२ मध्ये कार्ब्युरेटरांच्या जागी विद्युत्‌नियंत्रित इंधनक्षेपण आले व शक्ती १७८ अश्वशक्तीपर्यंत गेली. पुढे स्वयंचलित गिअरपेटीबरोबर २,९६५ घन सेंटिमीटरचे मोठे इंजिनही देण्यात आले. पण या सुधारणांनी निगेचा प्रश्न सुटला नाही.

त्यातच बाहेरची परिस्थिती एकाएकी पालटली. फ्रान्समधील महामार्गांवर १९७३ च्या अखेरीपर्यंत सर्वसाधारण वेगमर्यादा नव्हती. ती तेलसंकटानंतर आली आणि १९७४ मध्ये ताशी १३० किलोमीटर अशी निश्चित झाली. ज्या एका गोष्टीसाठी एस्. एम्. घडविली गेली होती, ती गोष्टच कायद्याने वर्ज्य झाली. अमेरिकेत अडचण वेगळ्याच दिशेने आली. तेथील नियमांमुळे फिरणारे दिवे आधीच काढून टाकावे लागले होते. १९७४ सालच्या गाड्यांना लागू झालेल्या बंपरविषयक नियमांत बंपरांची उंची ठरवून दिलेली होती. जी गाडी आपली उंची स्वतःच बदलते तिला त्या नियमांत बसविणे अशक्य झाले, आणि अमेरिकेची बाजारपेठ बंद झाली.

कंपनीची आर्थिक स्थितीही ढासळली होती. जी. एस्. आणि सी. एक्स्. या नव्या गाड्या, वांकेल पद्धतीच्या इंजिनावर केलेला खर्च आणि ओल्ने येथील नवा कारखाना या सर्वांचा भार एकाच वेळी पडला. १९७४ मध्ये सित्रोएनची सूत्रे प्यूजो कंपनीकडे जाऊ लागली. पॅरिसमधील जाव्हेल घाटावरील जुन्या कारखान्यातून एस्. एम्. ची जुळणी हलवून ती व्हीशी शहराजवळ लिजिएच्या कारखान्याकडे सोपविण्यात आली, आणि १९७५ मध्ये ती थांबली. त्याच वर्षी सित्रोएनने मासेरातीचाही त्याग केला. ती कंपनी पुढे आलेहांद्रो दे तोमासो यांच्या व्यवस्थापनाखाली गेली. अशा प्रकारे गाडीच्या नावातील दोन्ही अक्षरे एकमेकांपासून विलग झाली. जाव्हेलच्या जागेवर १९९२ पासून आंद्रे सित्रोएन यांच्या नावाचे सार्वजनिक उद्यान आहे.

७. उत्पादनानंतरचा काळ

रूढ इतिहास येथे संपतो. मालकाच्या दृष्टीने खरी परीक्षा येथे सुरू होते. वापरलेल्या एस्. एम्. ची किंमत कोसळली. ज्यांना नवी गाडी घेणे परवडले नसते अशा पुष्कळांनी ती स्वस्तात घेतली. पण खरेदी स्वस्त झाली म्हणून निगा स्वस्त होत नाही. एका इंजिनाची दुरुस्ती गाडीच्या किमतीहून अधिक पडू लागली, तेव्हा कित्येक गाड्या सुट्या भागांसाठी मोडल्या गेल्या. आज उरलेल्या गाड्यांपैकी अनेक अशा मोडलेल्या गाड्यांच्या भागांवर जगल्या आहेत, ही गोष्ट दृष्टीआड करता येत नाही.

परंतु याच काळात, फ्रान्स, नेदर्लंड्स, जर्मनी, इंग्लंड आणि अमेरिका या देशांत, मालकांची मंडळे आणि केवळ याच गाडीला वाहिलेल्या लहान कर्मशाळा उदयास आल्या. कारखान्याने जे केले नव्हते ते या मंडळींनी केले : एकाच माणसाच्या अंगी दोन्ही कारागिरी आणल्या. पहिल्या साखळीच्या ताणकाची नवी, भक्कम योजना तयार झाली. सोडियमच्या झडपांच्या जागी सलग पोलादी झडपा बसविण्याचा प्रघात पडला. ठिणगीसाठी स्पर्शबिंदूंच्या ऐवजी विद्युत्‌नियंत्रित यंत्रणा आली. इंजिनाजवळील इंधननळ्या ठरावीक काळाने बदलण्याचा दंडक पडला. कारण जुनी नळी फुटून गाडीला आग लागण्याचे भय असे. अशा रीतीने सुधारलेले इंजिन नियमित निगा असल्यास दीर्घ काळ निर्धास्तपणे चालते, असा अनुभव स्थिर झाला. कॅलिफोर्नियातील अशाच एका कर्मशाळेने दोन टर्बो-दाबक बसविलेली एस्. एम्. १९८७ मध्ये बॉनेव्हिलच्या मिठागरावर ताशी २०२ मैलांहून, म्हणजे सुमारे ३२५ किलोमीटरहून, अधिक वेगाने नेली. ज्या इंजिनाला जगाने नाजूक ठरविले होते त्याच कुळातील इंजिनाने हा विक्रम करावा, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

या सुधारणांतून इतिहासकारापुढे एक प्रश्नही उभा राहतो. झडपा, ताणक, ठिणगीची यंत्रणा आणि नळ्या बदललेली गाडी ही १९७० च्या एस्. एम्. चे प्रमाण साधन मानावयाची काय? काही मालक मूळ भागांचाच आग्रह धरतात. त्यांची गाडी अस्सल राहते, पण ती रस्त्यावर क्वचितच उतरते. इतर मालक सुधारित भाग बसवितात. त्यांची गाडी चालते, पण ती कारखान्यातून निघाली तशी राहत नाही. जुन्या वाड्याच्या डागडुजीत किंवा जीर्ण पोथीच्या जतनात जो पेच येतो तोच हा पेच. या बाबतीत एवढे म्हणता येईल की, एस्. एम्. चे वैशिष्ट्य तिच्या चालण्यात आहे. उभ्या गाडीतून तिचा आकार समजेल. वेगाबरोबर जड होत जाणारे सुकाणू, भाराने ओळखावयाचा ब्रेक आणि रस्त्यापासून सुटून तरंगल्यासारखी गती, ही चालत्या गाडीतूनच समजते. म्हणून जो मालक पोलादी झडप बसवून गाडी चालती ठेवतो, तो मूळ वस्तूतील थोडे गमावून तिच्यातील मुख्य गोष्ट राखतो.

ही गोष्ट आता अधिक निकडीची झाली आहे. दीराव्ही सुकाणू पुढे सी. एक्स्. मध्ये आणि एक्स्. एम्. च्या काही प्रकारांत आले, पण तेथून पुढे त्याची परंपरा खुंटली. वायु-द्रव झोळणीही २०१७ मध्ये सी ५ या गाडीच्या उत्पादनाबरोबर सित्रोएनच्या नव्या गाड्यांतून लोपली. गोलकांची परीक्षा, द्रवदाबाची जुळणी, साखळीच्या आवाजाची पारख ही विद्या आता कारखान्याच्या शिक्षणातून येणार नाही. ती एका कारागिराकडून दुसऱ्याकडे, एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाईल तेवढीच टिकेल.

८. उपसंहार

वरील विवेचनातून निष्पन्न होणाऱ्या गोष्टी दोन. पहिली अशी की, एस्. एम्. चे अपयश हे केवळ तेलसंकटाचे वा केवळ इंजिनाचे नव्हते. इंजिनात दोष होते. पण ते निवारता येण्याजोगे होते, आणि पुढे ते निवारलेही गेले. कमी पडली ती दोन परंपरांचे ज्ञान एकत्र बाळगणारी व्यवस्था. दुसरी गोष्ट अशी की, ही व्यवस्था अखेर निर्माण झाली ती निर्मात्यांकडून नव्हे, तर मालक आणि कारागीर यांच्याकडून. आणि तीही गाडीचे बाजारातील मोल जवळजवळ नाहीसे झाले असता. या अर्थाने एस्. एम्. ची घडण १९७५ मध्ये संपली नाही. उलट तिचा एक महत्त्वाचा भाग त्यानंतरच पुरा झाला.

गुंतागुंतीच्या यंत्रांचे आयुष्य ठरविण्यात त्यांच्या रचनेइतकाच त्यांना समजून घेणाऱ्या माणसांचा वाटा असतो. मोटारींचा इतिहास लिहिताना कारखान्यांच्या नोंदींबरोबर कर्मशाळांच्या नोंदवह्या, मालकमंडळांची पत्रके आणि दुरुस्तीच्या टिपणांचाही साधने म्हणून उपयोग केला पाहिजे. ती साधने विखुरलेली आहेत आणि ती जपणारी पिढी वृद्ध होत चालली आहे. तेव्हा त्यांच्या संकलनाचे काम लवकर हाती घेणे अवश्य आहे.